यूएसबी ड्राइव्हला कायमचा पत्ता देताना

लिनक्सवर यूएसबी ड्राइव्ह लावला की तो कुठे उघडावा, हे बहुधा वापरणाऱ्याने ठरवलेले नसते. डेस्कटॉपच्या सत्रात चालणारा फाइल मॅनेजर यूडिस्क्स नावाच्या सेवेला विनंती करतो. मग ती सेवा फेडोरा किंवा आर्चसारख्या वितरणांत ‘/रन/मीडिया’खाली, तर डेबियन आणि उबंटूमध्ये ‘/मीडिया’खाली वापरकर्त्याच्या नावाच्या डिरेक्टरीत ड्राइव्हच्या लेबलची डिरेक्टरी तयार करते आणि ड्राइव्ह तिथे माउंट करते, म्हणजे त्यातल्या फाइली त्या डिरेक्टरीत उघडून देते. लेबल नसेल तर त्या जागी फाइल सिस्टीमचा (ड्राइव्हवर फाइली मांडण्याच्या व्यवस्थेचा) यूयूआयडी हा ओळखक्रमांक येतो. संगणकासमोर बसून चार फोटो पाहायचे किंवा एखादी फाइल उतरवून घ्यायची, एवढेच काम असेल तर ही व्यवस्था उत्तम आहे आणि तिला हात लावण्याचे काही कारण नाही.

माझे काम तेवढ्यावर भागत नव्हते. बाहेरून लावलेल्या हार्ड डिस्कवर रात्री एक बॅकअप स्क्रिप्ट चालावी, आणि त्याच डिस्कवरच्या चित्रफिती एका मीडिया सर्व्हरने इतर यंत्रांना पुरवाव्यात, अशी माझी गरज होती. स्क्रिप्टला आणि सर्व्हरला रोज तोच पत्ता हवा असतो. यूडिस्क्सचा पत्ता मात्र सत्र, वापरकर्ता आणि लेबल या तिन्हींवर अवलंबून राहतो. संगणक पुन्हा सुरू झाला आणि कोणी लॉगइनच केले नाही, तर विनंती करणारा फाइल मॅनेजर नसतो आणि ड्राइव्ह माउंट होत नाही. त्या नावाची डिरेक्टरी आधीपासून तिथे असेल, तर यूडिस्क्स लेबलाच्या शेवटी एक अंक जोडून नवी डिरेक्टरी करते, आणि स्क्रिप्ट जुन्याच नावाकडे पाहत राहते. मीडिया सर्व्हरची अडचण आणखी वेगळी होती. तो स्वतःच्या स्वतंत्र वापरकर्त्याच्या नावे चालतो, आणि यूडिस्क्सने तयार केलेल्या वैयक्तिक डिरेक्टरीत ज्याची ती डिरेक्टरी आहे त्याच्याखेरीज इतर सामान्य वापरकर्त्यांना प्रवेश नसतो. ड्राइव्हवरच्या फाइलींना कितीही परवानग्या दिल्या, तरी वरचे दारच बंद असल्याने त्यांचा उपयोग होत नाही.

प्रथम मी यूडिस्क्सच्याच सेटिंग्जमध्ये काही सोय आहे का ते पाहिले. माउंट करताना कोणते पर्याय वापरावेत हे तिथे बदलता येते, पण कोणत्या जागी माउंट करावे हे मनाप्रमाणे लिहिता येत नाही. मिळते ती एकच सवलत: यूडेव्ह या, उपकरण जोडले की त्याची दखल घेणाऱ्या सेवेच्या नियमात ‘यूडिस्क्स_फाइलसिस्टम_शेअर्ड’ हा गुणधर्म १ केला, की ड्राइव्ह वैयक्तिक डिरेक्टरीऐवजी थेट ‘/मीडिया’खाली लेबलच्या नावाने येतो. तो नियम लिहून पाहिल्यावर मीडिया सर्व्हरची प्रवेशाची अडचण सुटली, परंतु लॉगइनशिवाय माउंट न होण्याची अडचण होती तशीच राहिली. ज्याला फक्त आपल्या नावाची डिरेक्टरी मार्गातून काढायची आहे, त्याने मात्र या एका ओळीवर थांबावे. पुढचा सगळा खटाटोप त्याच्यासाठी नाही.

यूडेव्हच्याच नियमातून, ड्राइव्ह दिसताक्षणी ‘माउंट’ ही आज्ञा चालवावी, असा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिला जातो. तो मार्ग मी विचारपूर्वक टाळला. यूडेव्हची सेवा आजकाल स्वतःच्या वेगळ्या माउंट नेमस्पेसमध्ये चालते, म्हणजे तिने केलेले माउंट तिच्यापुरतेच राहते आणि बाकीच्या प्रणालीला ते दिसतही नाही. शिवाय नियमातून सुरू केलेली, दीर्घकाळ चालणारी प्रक्रिया यूडेव्ह स्वतःच बंद करते. जे जुने लेख हा उपाय सांगतात ते त्यांच्या काळी बरोबर होते. आज यूडेव्हमधून माउंट करायचेच असेल, तर ते काम सिस्टमडीकडे, म्हणजे संगणक सुरू करून त्यावरच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामकडे, सोपवावे लागते. मग थेट सिस्टमडीला समजेल अशा जागीच का लिहू नये, असा विचार करून कोणता ड्राइव्ह कुठे माउंट करायचा याची यादी असलेल्या जुन्या, सर्वपरिचित ‘/ईटीसी/एफएसटॅब’ फाइलकडे मी वळलो. तिच्यातल्या प्रत्येक ओळीचे सिस्टमडी संगणक सुरू होताना माउंट युनिटमध्ये (माउंटचे काम सांगणाऱ्या आपल्या नोंदीत) रूपांतर करते, त्यामुळे हाताने युनिट लिहिण्याचे कष्ट वाचतात.

एफएसटॅबच्या ओळीत सहा रकाने असतात: उपकरण, माउंटची जागा, फाइल सिस्टीमचा प्रकार, पर्याय, डंपचा अंक आणि तपासणीचा अंक. उपकरणाच्या रकान्यात ‘/डेव्ह/एसडीबी१’ असे नाव लिहिण्याचा मोह होतो, पण हे नाव ड्राइव्हचे नसून त्याला मिळालेल्या क्रमाचे असते; आधी दुसरा पेनड्राइव्ह लावला, तर तेच नाव त्याला जाते. म्हणून ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा फाइल सिस्टीम दाखवणाऱ्या पर्यायासह चालवून मी यूयूआयडी आणि लेबल दोन्ही टिपून घेतले. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टीमचा यूयूआयडी लांब असतो. पेनड्राइव्हवर आढळणाऱ्या फॅट आणि एक्सफॅटचा मात्र मध्ये एक आडवी रेघ असलेला आठच चिन्हांचा असतो. तो अपुरा वाटला तरी तेवढाच असतो. यूयूआयडी ड्राइव्ह फॉरमॅट केला की बदलतो. उलट, एका डिस्कची जशीच्या तशी प्रत काढली तर दोन्हींचा यूयूआयडी एकच राहतो. प्रत काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

जागेची निवड मला वाटली होती तितकी किरकोळ निघाली नाही. फाइलसिस्टम हायरार्की स्टँडर्डच्या २००४ सालच्या २.३ आवृत्तीपासून काढघाल होणाऱ्या माध्यमांसाठी ‘/मीडिया’ ही डिरेक्टरी नेमून दिलेली आहे, आणि ‘/एमएनटी’ प्रशासकाच्या तात्पुरत्या माउंटसाठी राखलेली आहे. ‘/रन’ मध्ये कायमची डिरेक्टरी करण्यात अर्थ नव्हता, कारण ती मेमरीत राहते आणि संगणक बंद झाला की पुसली जाते. मी ‘/मीडिया/संग्रह’ ही जागा ठरवली. हे नाव प्रत्यक्षातही देवनागरीत ठेवावे अशी इच्छा होती, आणि लिनक्सला त्याचे वावडे नाही. परंतु सिस्टमडी माउंट युनिटचे नाव मार्गावरून बनवते, आणि त्यात रोमन अक्षरे, अंक व मोजक्या चिन्हांखेरीज प्रत्येक बाइटचा चार चिन्हांचा संकेत करून टाकते. ‘संग्रह’ या नावात युनिकोडची सहा चिन्हे आहेत आणि प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचे, म्हणजे या एका शब्दाचे युनिटच्या नावात ७२ चिन्हांचे जंजाळ होते. लॉगमध्ये ते वाचणे अशक्य असल्याने मी नाव लहान रोमन अक्षरांत ठेवले. नावात आडवी रेघ किंवा मोकळी जागा घालणेही मी याच कारणासाठी टाळले. मोकळी जागा तर एफएसटॅबमध्येही तशीच लिहिता येत नाही; तिच्या जागी उलटी तिरकी रेघ आणि ०४० हा संकेत द्यावा लागतो.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. काढता-घालता येणाऱ्या ड्राइव्हसाठी एफएसटॅब लिहिताना खरा विचार करायचा असतो तो ड्राइव्ह लावलेला नसताना काय व्हावे याचा. नेहमीच्या डिस्कप्रमाणे पर्यायांच्या रकान्यात नुसते ‘डिफॉल्ट्स’ लिहिले, तर सुरू होताना सिस्टमडी त्या उपकरणाची साधारण ९० सेकंद वाट पाहते आणि ते न दिसल्यास संगणक नेहमीसारखा सुरू न होता आपत्कालीन मोडमध्ये जाऊन थांबतो. ही वर्तणूक मी व्हर्च्युअल मशीनमध्ये मुद्दाम घडवून पाहिली आणि तिथेच ‘नोफेल’ पर्याय घालून फरक तपासला. नोफेल असताना माउंट ‘आवश्यक’ न राहता केवळ ‘इष्ट’ ठरते, आणि ड्राइव्ह नसला तरी प्रणाली पुढे जाते. बाहेरच्या ड्राइव्हच्या ओळीत हा शब्द नसेल तर ती ओळ लिहूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. विशेषतः ज्या संगणकाला कीबोर्ड आणि पडदा जोडलेला नाही, त्याच्या बाबतीत.

नोफेलमुळे सुरुवात सुखरूप होते, पण तो सगळा प्रश्न सोडवत नाही. ड्राइव्ह नसताना ‘/मीडिया/संग्रह’ ही डिरेक्टरी नाहीशी होत नाही. ती मूळ डिस्कवरची साधी रिकामी डिरेक्टरी म्हणून उघडी राहते. रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी प्रशासकाच्या, अधिकाराने चालणारी बॅकअप स्क्रिप्ट तिच्यात निमूटपणे लिहीत राहील, मूळ डिस्क भरत जाईल, आणि नंतर ड्राइव्ह माउंट झाला की ती सगळी सामग्री त्याच्याखाली झाकली जाईल. मग डिस्कवरची जागा कुठे गेली हे नेहमीच्या आज्ञांनी सापडणेही कठीण. यावर मी दोन उपाय एकत्र वापरले, आणि दोन्ही का हवेत ते सांगणे आवश्यक आहे.

पहिला उपाय ‘एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट’ हा पर्याय. तो घातला की त्या जागी सिस्टमडी ऑटोएफएस नावाची एक पातळ फाइल सिस्टीम बसवते. कोणी आत पाऊल टाकले की ती त्याला थांबवून ठेवते, तेवढ्यात खरा ड्राइव्ह माउंट करते आणि मग वाट मोकळी करते. ड्राइव्ह नसेल तर ठरलेली मुदत संपल्यावर असे उपकरणच नसल्याची त्रुटी मिळते, म्हणजे चुकीच्या जागी लिहिले जाण्याऐवजी स्क्रिप्ट अपयशी ठरते, आणि मला नेमके तेच हवे होते. मुदत ९० सेकंदांची राहू दिली तर फाइल मॅनेजर त्या डिरेक्टरीवर गेला की दीड मिनिट गोठून बसतो, म्हणून ‘डिव्हाइस-टाइमआउट’ १० सेकंद ठेवला. त्याहून कमी ठेवणे मला धोक्याचे वाटले, कारण संगणक सुरू होताना यूएसबीवरची उपकरणे ओळखली जायला काही सेकंद लागतात. याच गटातला ‘आयडल-टाइमआउट’ हा पर्यायही मी घेतला. ठरावीक काळ कोणी ड्राइव्ह वापरला नाही तर सिस्टमडी तो आपणहून अनमाउंट करते, आणि कोणी न सांगता केबल ओढली तरी नुकसानीची शक्यता घटते.

दुसरा उपाय जुना आणि खडबडीत आहे. ऑटोमाउंट सुरू करण्यापूर्वी, मूळ रिकाम्या डिरेक्टरीला ‘सीएचॲटर’ आज्ञेने अपरिवर्तनीयतेचा गुणधर्म लावला. हा गुणधर्म असलेल्या डिरेक्टरीत रूटलाही नवी फाइल करता येत नाही. तिच्यावर ड्राइव्ह माउंट करण्यात मात्र काही अडथळा येत नाही. साध्या परवानग्या काढून घेऊन हे साधत नाही, कारण रूट त्या जुमानत नाही. ऑटोमाउंट असताना याची गरज काय, असे वाटेल. पण ड्राइव्ह जोडलेला असूनही त्याची फाइल सिस्टीम बिघडलेली असेल आणि माउंटचे प्रयत्न भराभर फसत गेले, तर ठरावीक मर्यादेनंतर ऑटोमाउंटचे युनिटच बंद पडते आणि त्याखालची मूळ डिरेक्टरी उघडी पडते. त्या वेळी राखण करायला हा गुणधर्मच असतो.

ऑटोमाउंटमुळे एक गोष्ट मात्र बदलते आणि ती सहज लक्षात येत नाही. स्क्रिप्टमध्ये ‘माउंटपॉइंट’ ही आज्ञा वापरून ड्राइव्ह आहे की नाही ते तपासण्याची पद्धत रूढ आहे. ऑटोएफएस हेही माउंटच असल्याने ती आज्ञा ड्राइव्ह नसतानाही होकार देते. म्हणून मी ड्राइव्हच्या मुळाशी एक छोटी खूणफाइल ठेवली आणि स्क्रिप्ट आधी ती फाइल वाचून पाहते. आतली फाइल वाचायला गेल्याने ड्राइव्ह माउंट होतो, आणि ती सापडली नाही तर स्क्रिप्ट तिथेच थांबते.

राहता राहिल्या परवानग्या. त्यांच्या बाबतीत फाइल सिस्टीमचा प्रकार सर्व काही ठरवतो. माझ्या हार्ड डिस्कवर ईएक्सटी४ आहे, म्हणजे मालक आणि गट यांचे क्रमांक डिस्कवरच लिहिलेले असतात. एफएसटॅबमध्ये ‘यूआयडी’ पर्याय देऊन मालक बदलता येत नाही. तसा पर्याय दिला तर माउंटच नाकारले जाते. त्याऐवजी ड्राइव्ह माउंट करून, माउंट झालेल्या अवस्थेत, त्याच्या मूळ डिरेक्टरीची मालकी एकदाच बदलावी लागते. माउंट करण्यापूर्वी रिकाम्या डिरेक्टरीची मालकी बदलून काही उपयोग नसतो, कारण ती झाकली जाते. मी एक सामाईक गट केला, त्यात स्वतःला आणि मीडिया सर्व्हरच्या वापरकर्त्याला घातले, आणि डिरेक्टरीला सेटजीआयडी बिट लावला, जेणेकरून पुढे तयार होणाऱ्या फाइली त्याच गटाच्या होतील. डिस्क दुसऱ्या संगणकावर नेली तर तिथे त्याच क्रमांकाचा जो कोणी वापरकर्ता असेल तो मालक ठरतो. नाव डिस्कबरोबर जात नाही, क्रमांक जातो.

एक्सफॅटच्या पेनड्राइव्हचे गणित याच्या उलट आहे. त्याच्यावर मालकीची नोंदच नसते, म्हणून माउंट करतानाच ‘यूआयडी’, ‘जीआयडी’ आणि फाइली व डिरेक्टऱ्यांच्या परवानग्या ठरवणारे वेगवेगळे ‘एफमास्क’ व ‘डीमास्क’ द्यावे लागतात. ते न देता एफएसटॅबमधून माउंट केले की सर्व काही रूटच्या मालकीचे दिसते आणि सामान्य वापरकर्त्याला लिहिता येत नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये एक्सफॅटचा आजचा ड्रायव्हर ५.७ आवृत्तीपासून आणि विंडोजच्या एनटीएफएससाठीचा एनटीएफएस३ हा ड्रायव्हर ५.१५ पासून आहे, त्यामुळे दोन्हींसाठी आता बाहेरच्या प्रोग्रामवर विसंबण्याची गरज राहिलेली नाही.

सुरक्षिततेबाबत एक बारीक मुद्दा आहे. यूडिस्क्स स्वतः माउंट करते तेव्हा ‘नोएसयूआयडी’ आणि ‘नोडेव्ह’ हे, ड्राइव्हवरच्या फाइलींतून कोणी जादा अधिकार किंवा उपकरणांवर ताबा मिळवू नये म्हणून असलेले, पर्याय आपोआप लावते. एफएसटॅबच्या ‘डिफॉल्ट्स’मध्ये ते नसतात. म्हणजे सोयीची जागा मिळवताना आपण नकळत एक संरक्षण गमावतो. मी दोन्ही शब्द हाताने लिहिले, आणि ज्यावरून प्रोग्राम चालवायचे नाहीत अशा पेनड्राइव्हला ‘नोएक्झेक’ही जोडला. शेवटच्या दोन रकान्यांत डंपसाठी शून्य, आणि तपासणीसाठी ईएक्सटी४ ला २ व पेनड्राइव्हला शून्य.

ओळ लिहून झाल्यावर लगेच संगणक पुन्हा सुरू करू नये. ‘फाइंडएमएनटी’ या आज्ञेला पडताळणीचा पर्याय दिला, की ती पूर्ण एफएसटॅब वाचून चुकीचे पर्याय, न सापडणारी उपकरणे आणि नसलेल्या डिरेक्टऱ्या दाखवते. त्यानंतर सिस्टमडीला ‘डेमन-रीलोड’ सांगावे लागते, कारण तिची युनिट्स जुन्याच ओळीवरून बनलेली असतात. नव्या आवृत्त्यांत माउंटची आज्ञाही याची आठवण करून देते. मग ऑटोमाउंटचे युनिट सुरू करून मी ड्राइव्ह लावलेला असताना, नसताना, आणि संगणक चालू झाल्यावर नंतर लावून, अशा तिन्ही परिस्थितींत डिरेक्टरी उघडून पाहिली. खात्रीसाठी कोणीही लॉगइन न करता बॅकअपची वेळ उलटू दिली आणि नंतर लॉग वाचला. अपेक्षेप्रमाणे ड्राइव्ह स्क्रिप्टच्या पहिल्या स्पर्शाने माउंट झाला होता.

डेस्कटॉपवरून पाहता थोडी डागडुजी उरली होती. एफएसटॅबमधला ड्राइव्ह फाइल मॅनेजरच्या बाजूच्या यादीत आपल्या मनासारखा दिसेलच असे नसते; नोम या डेस्कटॉपमध्ये ‘एक्स-जीव्हीएफएस-शो’ हा पर्याय त्यासाठी आहे, आणि सोबत यादीत दिसायचे नावही देता येते. इथे मात्र देवनागरी नाव खुशाल द्यावे.

ड्राइव्ह काढून घेताना ऑटोमाउंटशी थोडे जुळवून घ्यावे लागते. अनमाउंट केल्यावरही ऑटोएफएस जागेवरच असते, आणि फाइलींची सूची करणारा एखादा प्रोग्राम मध्येच आत डोकावला तर ड्राइव्ह पुन्हा माउंट होतो. अनमाउंट होतच नसेल, तर ‘फ्यूझर’ आज्ञा कोण अडवून बसले आहे ते दाखवते. बहुतेक वेळा ते त्याच डिरेक्टरीत उघडे राहिलेले टर्मिनल असते. मी आधी ऑटोमाउंटचे युनिट थांबवतो, त्याबरोबर ड्राइव्ह अनमाउंट होतो, आणि मग ‘यूडिस्क्ससीटीएल’ला वीज तोडण्याची आज्ञा देतो. नकल पूर्ण झाल्याचे पडद्यावर दिसले तरी सामग्री काही काळ मेमरीतच असू शकते, म्हणून अनमाउंटची आज्ञा परत येईपर्यंत केबलला हात लावत नाही.

पुढे बॅकअपसाठी आळीपाळीने लावायची दुसरी डिस्क आणली, तेव्हा यूयूआयडीवर बांधलेली ओळ तिला ओळखेना. दोन ओळी लिहिण्यापेक्षा मी दोन्ही डिस्कना ‘ईटूलेबल’ने एकच लेबल दिले आणि उपकरणाच्या रकान्यात यूयूआयडीऐवजी लेबल लिहिले, ईएक्सटी४ चे लेबल १६ बाइटपर्यंत असू शकते, तेवढे पुरते. आता जी डिस्क लावलेली असेल ती त्याच जागी उघडते. दोन्ही एकाच वेळी लावल्या, तर त्या लेबलाचा दुवा कोणत्या डिस्ककडे जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून तसे करायचे नाही हे ठरवून टाकले. दोन्हींवरच्या खूणफाइलींत वेगवेगळा क्रमांक लिहिलेला आहे आणि स्क्रिप्ट तो दर वेळी लॉगमध्ये उतरवते, त्यामुळे कोणत्या रात्रीचा बॅकअप कोणत्या डिस्कवर आहे ते डिस्क न लावताच सांगता येते.